तलावातली शाळा आणि आप्पांची कवळी

आमच्या घरात आप्पांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय पान हलत नाही, आणि आप्पा सहसा ‘हो’ म्हणत नाहीत. माझे सासरे थोरल्या सरकारी हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण ती बातमी अजून त्यांच्या कानावर गेलेली नाही. नवरा माझा गरीब स्वभावाचा. वडिलांपुढे मान डोलावण्याची नोकरी तो बिनपगारी करतो.

आमची लेक शिट्टी वाजवते. तोंडाने, हळू, गणित सोडवताना. शिट्टी चालू असली की उत्तरं भराभर येतात, शिट्टी थांबवली की पेन्सिलही थांबते. आणि थोरल्या हायस्कुलात शिट्टी वाजवणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करतात. हा नियम आप्पांनीच घातलेला. त्यामुळे कुकरने आठवीचं अर्धं गणित व्हरांड्यातल्या भिंतीला टेकून काढलं. कुकर हे नाव वर्गाने ठेवलं, आम्ही पुढे चालवलं.

नववीला शाळा बदलता येत होती. दुसरं एक हायस्कूल नुकतंच निघालं होतं. तेही सरकारीच, फुकटच, फक्त छपराखालच्या पोहण्याच्या तलावात. तलाव गळायला लागला, पाणी काही केल्या टिकेना, तेव्हा नगरपालिकेने तो कोरडा करून शाळेला देऊन टाकला. कुकर मैत्रिणीबरोबर तिथे एक दिवस बसून आली आणि स्वयंपाकघरात मला धरून गरगर फिरली. तिथे गणिताला कुणी गुणगुणतं, कुणी येरझाऱ्या घालतं, आणि सर फक्त उत्तर बघतात म्हणे. फिरता फिरता ती मधेच थांबली.

“आप्पा रुसणार असतील तर मी नाही जाणार,” ती म्हणाली.

रोज संध्याकाळी तिचं गणित घ्यायला तेच बसतात. तिचा त्यांच्यावर फार जीव. नाव शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं, म्हणून मी त्याच रात्री आप्पांपुढे विषय काढला.

आप्पा म्हणाले, तलावात मासे शिकतात. पण बघायला यायला मात्र तयार झाले. खोड काढायला येत होते हे मला कळत होतं.

इथे एक सांगायला हवं. मी कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या पुरवण्याचं आमचं काम, आणि आप्पांच्या तोंडातली कवळी माझ्या हातची. हिरड्या झिजल्यात, वरची ढिली झालीय, पुन्हा माप द्या, असं मी कधीची कानीकपाळी ओरडत होते. हेडमास्तरची कुठलीच गोष्ट ढिली नसते, हे त्यावरचं उत्तर.

तर आप्पा, कुकर आणि मी शिडीवरून तलावात उतरलो. उथळ बाजूला भाषेचे वर्ग, खोल बाजूला गणित, मधे गुळगुळीत फरश्यांचा उतार. टेबलं सरळ राहावीत म्हणून त्यांच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे. आप्पांनी निकाल विचारला, तो चांगला निघाला. हजेरी विचारली, तीही चांगली निघाली. मग घंटा कुठे आहे विचारलं. घंटा नव्हती. आप्पांचा चेहरा खुलला आणि ते शिडीकडे निघाले.

शिडीपाशी दोन वेण्यांची एक मुलगी आडवी आली. पाहुण्याने कुठल्यातरी विद्यार्थ्याकडून काहीतरी शिकल्याशिवाय वर चढायचं नाही, अशी इथली रीत होती. आप्पा म्हणाले, माझं शिकायचं काही उरलेलं नाही.

“मग दोन बोटांची शिट्टी येतच असेल तुम्हाला,” ती फार आदराने म्हणाली.

आप्पा खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आणि त्या दिवशीची मोठी पंचाईत. त्यांनी कुकरकडे पाहिलं. कुकरने फरशीकडे पाहिलं.

“नाही येत,” आप्पा म्हणाले. “दाखव.”

ओठ आत दुमडून त्यांनी बोटं घातली आणि फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. पोटातून फुंका आजोबा, अशी सूचना आली. आप्पांनी पोटातून फुंकलं आणि वरची कवळी तोंडातून सुटून फरशीवर पडली. तिथून ती उताराला लागली, भाषेच्या वर्गांमधून सुसाट गेली आणि खोल बाजूला गणिताच्या सरांच्या बुटावर जाऊन थांबली. कुकर तिच्या मागोमाग खाली धावली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सरांनी कवळी रुमालात उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि काम सुरेख आहे म्हणाले. मला तेवढ्यातही बरं वाटलं. कुणीतरी फळ्यावर अंतर आणि वेळ मांडून कवळीचा वेग विचारला. वर्ग पेन्सिली शोधतोय तोवर एक बारीक शिट्टी ऐकू आली. आमची कुकर. शिट्टी थांबली आणि तिने उत्तर सांगितलं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आप्पा बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत राहिले. मग दात नसलेला ओठ सहज आत दुमडला गेला, बोटं आत गेली आणि अशी कडक शिट्टी निघाली की कोरड्या तलावात चारी भिंतींवरून ती परत परत आली. छपरातली कबुतरं उडाली. मुलांनी टेबलं बडवली. आप्पा शिडीला धरून बोळक्या तोंडाने हसत होते, मी डोळे पुसत हसत होते, आणि कुकर उतारावरून धावत वर येत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला आणायला आप्पा स्वतः थोरल्या हायस्कुलात निघाले. आम्ही दोघी मागे. वर्ग चालू होते, व्हरांडा शांत. आप्पांनी वरची कवळी काढून खिशात ठेवली आणि मला काही समजायच्या आत शिट्टी मारली. दारं उघडली. हेडमिस्ट्रेस बाई, आप्पांचीच जुनी विद्यार्थिनी, कोण आहे ते, असं विचारत बाहेर आल्या. आप्पा तोवर नियमाप्रमाणे आठवीच्या वर्गाबाहेर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान तिरकी करून दारातून आत पाहिलं, मग आणखी तिरकी करून पाहिलं.

“इथून फळा दिसतच नाही की गं,” ते कुकरला म्हणाले.

“नाही दिसत, आप्पा.”

ती त्यांच्या शेजारी जाऊन टेकली आणि त्यांनी तिचा हात धरला. दाखला आणायला आत मी एकटीच गेले. बाई सही करताना हसत होत्या, कारण बाहेर आता दोघं मिळून शिट्टी वाजवत होती.