सात नंबरचा पिंजरा

बस इथं, या पोत्यावर बस. उद्यापासून या चूहाघराची, उंदरांच्या खोलीची, किल्ली माझ्याकडून तुझ्याकडे येणार. त्याआधी तुला दुलीचंदची गोष्ट सांगतो. ती ऐक, मग हवं तर किल्ली घे, नाहीतर सरळ तुझ्या गावची, लांजीची बस पकड.

दुलीचंदनं बावीस वर्षं कॉलेजातल्या या खोलीत पांढऱ्या उंदरांचं दाणापाणी केलं. रोज सकाळी येताना राइस मिलवर सायकल थांबवायची, घरच्या गाईसाठी पिशवीभर कोंडा घ्यायचा, हा त्याचा नेम. सदऱ्याच्या खिशातसुद्धा कोंडाच असायचा.

गेल्या साली संध्या मॅडमनी प्रयोग लावला. चोवीस पिंजरे, एकेकात एक उंदीर. बारांना कोंडा घातलेल्या खाण्याच्या गोळ्या, बारांना बिनकोंड्याच्या, पांढऱ्याफेक.

"याईले कोंडा काहून नाही जी, मॅडम?" दुलीचंदनं विचारलं.

"काका, आतड्याला आतून एक बुळबुळीत अस्तर असतं. पोटातले बारीक जंतू कोंड्यातल्या चोथ्यावर जगतात. चोथा नाही मिळाला, की ते भुकेनं अस्तरच खायला लागतात. किती खातात, ते बघायचंय."

"म्हंजे राह्यते त्याच घराले कुरतडते?"

"हौ काका, तसंच."

झालं! त्या दिवसापासून दुलीचंदला त्या बारा पिंजऱ्यांकडे बघवेना. उंदीर वरून गुबगुबीत, चकाचक. पण हा कान लावून बसायचा, आणि त्याला आतली कुरतडण्याची कुरकुर ऐकू यायची.

त्यातला सात नंबरचा उंदीर त्याची पावलं ओळखायचा. चाहूल लागली की मागच्या पायांवर उभा, पुढचे दोन्ही पंजे जाळीला. दुलीचंदची बायको मैनाबाई दवाखान्यात शेवटी अशीच खाटेचा दांडा धरून उठून बसायची. "एक घास भात द्या नं. एकच." डॉक्टरनं मनाई केली होती. दुलीचंदनं डॉक्टरचं ऐकलं, घास दिला नाही. चौथ्या दिवशी बाई गेली.

यावेळी त्यानं ऐकलं नाही. रोज दुपारी खिशातला चिमूटभर कोंडा तो सात नंबरला भरवायचा. "खाय बाबू. लवकर खाय, मॅडम येऊन राह्यली."

आठ आठवडे झाले. उंदीर मारले, आतडी काढून काचेवर घेतली. मॅडम मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या आणि एकदम ओरडल्याच, "काका, इकडे या! बिनकोंड्याच्या अकरांचं अस्तर विरलेल्या धोतरासारखं झालंय, आणि हा सात नंबर बघा, जाडजूड! याच्यात जन्मजात काहीतरी वेगळं आहे. मी यावरच लिहिणार."

दुलीचंद टेबलाजवळ आला. गप्प बसावं, तर त्याच्या सात नंबरचं नाव होत होतं. पण पोरीसारख्या मॅडमच्या हातून धडधडीत खोटं लिहिलं जात होतं. हात खिशात गेला, तिथंच अडकला. मग त्यानं खिसा उलटा केला. टेबलावर कोंडा सांडला.

"वेगळं काही नोहोतं जी त्याच्यात. हे होतं."

मॅडमनी बोटानं कोंडा चाळवला. "रोज?"

"रोज. चिमूटभर."

"काय केलंत हो काका हे!" त्यांनी पेन घेतलं आणि वहीतल्या सातच्या आकड्यावर आडवी रेघ मारली. "आता याला हिशेबात धरता येणार नाही."

"मले काढा नं कामावरून. त्याले काहून काढता? मेला तर तोही नं?"

मॅडमनी वही मिटली. त्यांनी कुठं तक्रार केली नाही. पण पुढच्या प्रयोगाला नवे उंदीर आले, तेव्हा सातचा पिंजरा रिकामाच ठेवला.

तेव्हापासून भर दुपारी, सगळे उंदीर झोपले की, त्या रिकाम्या पिंजऱ्यातून दुलीचंदला कुरकुर ऐकू यायची. चिमूटभर कोंडा टाकला की थांबायची. सकाळी कोंडा जसाच्या तसा असायचा. तो झटकायचा, दुपारी ताजा टाकायचा. काल रिटायर झाला, तर जाताना सदरा काढून खिसा त्या पिंजऱ्यात झटकून गेला.

हसू नकोस. आज दुपारी मी दारात उभा होतो. मलाही ऐकू आलं.

बाकीच्या पिंजऱ्यांत मॅडम सांगतील तेवढंच घालायचं, एक कण जास्त नाही. पण तेवढ्या सात नंबरमध्ये दुपारी चिमूटभर कोंडा टाकत जाशील का रे, बापा?