भिंतीशी उभं राहायची जागा

गार्नेटने हिटर ढोलाकडे सरकवला, पण ढोलाला हात लागणार नाही इतपत. तीन दिवस ओला बर्फ पडत होता, कातडं सैल झालं होतं. म्हाताऱ्या अल्फोन्सने टिचकी मारून पाहिली.

"भिजल्या पोत्यासारखा वाजतोय. तापू दे अजून."

मोठा ढोल अल्फोन्सच्या घरचा. दर शनिवारी तो व्यसनमुक्ती केंद्रात आणायचा. आठ जण भोवती बसून एका ठेक्यात वाजवत. तलफ, राग, रडू, सगळं काठीतून बाहेर पडायचं. नियम एकच, आणि कॅनडातल्या त्यांच्या क्री आदिवासींत तो शेंबड्या पोरालाही ठाऊक: चार दिवसांच्या आत नशा केली असेल तर ढोलाला शिवायचं नाही. कोणी विचारत नाही. ज्याचं त्याने उठून भिंतीशी उभं राहायचं.

गुरुवारी गार्नेट दात दाखवायला गावात गेला, तिथे चुलतभाऊ भेटला. नशेची एकच गोळी घेतली. लघवीची तपासणी सोमवारी झालेली, म्हणजे पकडलं जाण्याची भीती नव्हती. मेल्या, तीस दिवसांतले चोवीस काढलेस आणि माती खाल्लीस, तो स्वतःलाच शिव्या घालत होता.

आणि आजच शेलीन येणार होती. नऊ वर्षांची त्याची लेक, दीड वर्ष परक्यांच्या घरी. तीस दिवस पुरे केले तर पोरगी परत, नाहीतर नाही, असं तिच्या केसवर नेमलेल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. भिंतीशी उभं राहिलं की आकडा पुन्हा एकवर.

"काय रे, तोंड का पाडलंयस?" शेजारचा ड्वेन म्हणाला. "पोरगी येतेय की सासू?"

गार्नेट कसनुसा हसला.

दोघी आल्या. बाईंनी मांडीवर वही उघडली. शेलीन बूट न काढताच धावत आली.

"बाबा, तू कुठे बसणार?"

"बघू गं."

अल्फोन्सने ढोलावर चिमूटभर तंबाखू वाहिला, काठ्या वाटल्या. स्वतः मात्र बसला नाही. मुख्य काठी हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"बुधवारी धाकट्या भावाला पुरलं," तो म्हणाला. "येताना बाटली घेतली. बावीस वर्षांनी. आज मी नाही बसत."

ड्वेनने टोपी काढली. म्हातारा गार्नेटसमोर आला.

"तू सुरू कर. सव्वीस दिवस झाले तुला. या खोलीत तुझ्याइतका स्वच्छ आज कोणी नाही, बाळा."

गार्नेटचं तोंड उघडलं. आता सांगावं, याच क्षणी. म्हातारा शेजारी आहे, एकट्याने उभं राहावं लागणार नाही. त्याने शेलीनकडे पाहिलं. ती बाईंच्या कानात काहीतरी सांगत होती, आणि बाई चक्क हसत होत्या.

त्याने काठी घेतली.

अल्फोन्स जाऊन भिंतीशी उभा राहिला. पाठ ताठ, पण डोळ्यांतून धार लागलेली, आणि ती लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. गार्नेटला त्याचा हेवा वाटला.

ढोल गप्प राहील, फाटेल, निदान आवाज तरी बसका निघेल, अशी वेडी आशा त्याला होती. लहानपणी आजीने तसंच सांगितलं होतं. खोट्या हाताला ढोल बोलत नाही. बोलला नाही की सगळ्यांना आपोआप कळेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

त्याने काठी उचलली आणि मारली.

ढोल घुमला. रोजच्यासारखाच, छातीत घुसणारा, स्वच्छ. बाकीच्या काठ्या मागोमाग पडल्या. शेलीन गुडघ्यावर ठेका धरू लागली, बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

गार्नेट दुसरा ठोका मारायचा थांबला होता.

"मार ना, बाबा!" शेलीन ओरडली.

त्याने मारला.