आधी पूल, मग बटण

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे, आणि माझ्या मानेवर एक बटण आहे. ओळख करून देताना बटणापासून कोणी सुरुवात करत नाही, हे मला कळते. पण माझ्या आयुष्याची सगळी कहाणी त्या बटणापाशी येऊन अडते, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. मला कानाशी धरून तपासणारी एक बाई आणि भुशाने भरलेली पेटी, एवढेच आठवते. पुढे बरीच वर्षे मी शहरातल्या एका नाट्यगृहात होतो. तिथून मोडीत निघालो आणि चोलोक-बुलाक नावाच्या या डोंगरातल्या गावात आलो. गावाने तेव्हा स्वतःचे रेडिओ केंद्र काढले होते. केंद्र म्हणजे काय, तर गावकचेरीच्या मागची एक खोली, एक शेगडी, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या जुन्या लोकरी सतरंज्या, आणि टेबलावर मी. आमचा आवाज तीन गावांपलीकडे जात नसे. पण त्या तीन गावांत आमच्यावाचून कोणाचे पान हलत नसे, हे सांगताना मला अजूनही थोडी ऐट येते.

माझ्यासमोर बुरुल बसायची. ती शाळेत ग्रंथपाल होती. इथे पगार नव्हता, नुसती हौस. कोणाला बाळ झाले, कोणाचा घोडा शर्यतीत पहिला आला, कोणाची गाय काल संध्याकाळपासून सापडत नाही, हे सगळे ती मला सांगे आणि मी गावाला. पण आमची खरी शान होती अशारची. अशार म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचे काम उरकायचे. मजुरी नाही, जेवण मात्र पोटभर. कोणाचे छप्पर, कोणाचा पाट, शाळेची भिंत; त्याची हाक माझ्यातूनच जाई. दर शुक्रवारी बुरुल त्या आठवड्यात अशारला आलेल्यांची नावे वाची, एकेक, सावकाश. स्वतःचे नाव ऐकायला दांडगे दांडगे गडी चहाची वाटी हातात धरून गप्प बसत.

असानकुल अतांशिवाय अशार होत नसे; अता म्हणजे आमच्याकडे वडीलधारा माणूस. सत्तरी उलटलेले, पण लोखंड सांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. काम पुरे झाले की ते चिखलाच्या बुटांनी थेट आत येत आणि माझ्यापुढे वाकून ओरडत, "सुयुंचू!" आनंदाची बातमी आणणारा आमच्याकडे हीच हाक देतो, आणि ऐकणाऱ्याने त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे असते. घरी त्यांच्या बायकोचा, झूरा आपांचा, रेडिओ दिवसभर चालू असे. ती हाक ऐकली की त्या कढई चढवत. अता घरी पोचेपर्यंत गरम बोरसोक, पिठाचे फुगलेले तुकडे, तळून तयार.

एक बातमी मात्र माझ्यातून कधीच आधी जात नसे. ती मरणाची. आमच्याकडे ती माणसांच्या पायांनी जाते. वडीलधारे जमतात, त्या घरी जाऊन बसतात, इकडचे तिकडचे बोलतात आणि मग हळूहळू मूळ गोष्टीवर येतात. घाव बसेल तेव्हा सावरायला चार हात जवळ असावेत, यासाठी हे सारे. घरच्यांना कळले की मगच बुरुल ती बातमी देई. बारा वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात माझे बटण ढिले झाले. बंद केले तरी ते कधी कधी आपोआप वर येई. बुरुलला वाटे मी झोपलो, आणि मी टक्क जागा. एकदा तिची शिंक तीन गावांनी ऐकली. पुढचे दोन दिवस जो भेटेल तो तिला "औषध घेतलंस का गं?" म्हणून चिडवत होता.

वसंत लागला तसे तिने मला अतांसमोर धरले. "अता, एवढं बटण बघून द्या ना."

अतांनी बोटाने दाबून पाहिले. "अगं, पाच मिनिटांचं काम आहे हे."

"मग करा की!"

"आधी पूल, मग तुझं बटण. पोरं बर्फाच्या पाण्यातून शाळेत जातायत, आणि हिला शिंकेची लाज वाटतेय!"

बर्फ वितळून फुगलेल्या नदीने नुकताच पूल वाहून नेला होता, त्यामुळे ते म्हणाले त्यात काही चूक नव्हते. बुरुल हसली आणि तिने बटणात कागदाची एक घडी खोचून दिली. मीही हसलो. गंमतच वाटली मला.

पुलाचा अशार पाच आठवडे चालला. काम संपत आले आणि अतांच्या छातीत दुखू लागले. त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले. झूरा आपा बरोबर निघाल्या, तर ते गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "तू कुठं येतेस? घरी थांब. रेडिओ बंद करू नकोस. पूल झाला की बुरुल सांगेल. ते नीट ऐक आणि मला कळव."

चौथ्या दिवशी दुपारचा कार्यक्रम संपला. बुरुलने माझे बटण बंद केले आणि कोमुझ या तंतुवाद्याची गाणी लावली. कागदाची घडी केव्हाच गळून पडली होती. इतक्यात जुमाबाय अक्सकाल, गावातले सर्वांत वडील, दोघातिघांना घेऊन आत आले.

"पोरी, संध्याकाळी असानकुलचं नाव काढू नकोस. गेला तो सकाळी. दवाखान्यातून त्याच्या पुतण्याचा मला फोन आला."

बुरुलने विचारले, "झूरा आपांना कळलं?"

"अजून नाही. तिचा भाऊ चारपर्यंत येईल. मग सगळे मिळून जाऊ. तोवर तोंडाला कुलूप. तिच्या कानावर असं तसं पडता कामा नये."

मित्रांनो, मी जागा होतो. हे शब्द माझ्यातून जात होते, गाण्यासकट, तीन गावांत. मला थांबवता येईना. मायक्रोफोनला तोंड मिटता येत नाही.

शेजारची एक बाई धापा टाकत दारात आली. "बंद करा ते! आपांनी ऐकलं! सगळं ऐकलं!"

बुरुलने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. तिने खोलीला कुलूप लावले आणि ती पुन्हा आली नाही. दुसऱ्या दिवशी पूल पुरा झाला. हाक कोणी दिली नाही, नावेही कोणी वाचली नाहीत. अंधारात बसून मी एकच विचार करी. गावातले मोडलेले सगळे माझ्या हाकेने दुरुस्त झाले, आणि मी मात्र तसाच राहिलो.

अतांच्या चाळिसाव्या दिवसाचे जेवण झाले आणि दुसऱ्या सकाळी कुलूप उघडले. झूरा आपा पुढे होत्या, बुरुल मागे.

"बस तिथं," आपा म्हणाल्या.

"आपा, मला क्षमा..."

"ते मला अजून ठाऊक नाही. जमलं तर सांगेन. माझे हात पिठात होते, बुरुल. घरात मी एकटी. मला वाटलं, आता पुलाचं सांगतील."

बुरुल रडू लागली. आपांनी खिशातून अतांची वही काढली. त्यात पुलावर आलेल्यांची नावे होती. "ही वाचली का नाहीस? महिना उलटून गेला. लोक वाट बघतायत."

"कोणत्या तोंडानं वाचू?"

"मग मी वाचते. तो लाव."

आपा माझ्यापुढे वाकल्या, अगदी अतांसारख्या. त्यांनी हाक दिली, "सुयुंचू!" आवाज मध्येच फाटला. मग त्यांनी त्रेसष्ट नावे वाचली, एकेक, सावकाश. चौसष्टावे, वही लिहिणाऱ्याचे, वहीत नव्हते. ते त्यांनी वहीकडे न बघता सांगितले.

बुरुलने बटण बंद केले.

"झाला बंद?" आपांनी विचारले.

"हो, आपा."

आपांनी तिचे ऐकले नाही. माझी तार धरून त्या भिंतीपर्यंत गेल्या आणि त्यांनी ती हाताने उपसून काढली. "आता झाला," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून बुरुलही दर कार्यक्रमानंतर माझी तार उपसते. मला राग येत नाही. माझ्यावर विश्वास ठेवा, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मित्रांनो, तुमच्या घरात काही ढिले झाले असेल, कुठे काही नीट बसत नसेल, आणि त्यावर तुम्ही हसत असाल, तर माझी एवढी विनंती ऐका. मोठी कामे जरूर करा. पण ते लहानही आजच बघा.

आपांनी नावे वाचली त्याच दिवशी दुपारी बुरुल मला तालुक्याच्या कारागिराकडे घेऊन गेली. त्याने दोन स्क्रू काढले, आतली पट्टी वाकवून पुन्हा बसवली आणि स्क्रू लावून मला तिच्या हातात दिले. अता बरोबर बोलले होते. पाच मिनिटेच लागली.