तीननंतरची घड्याळं

काउंटरवर अकरा मनगटी घड्याळं होती, भिंतीवर सहा लंबकाची, खिडकीत तीन गजराची. आणि या विसांच्या मधोमध एक बशी. बशीत सकाळी बारा बिस्किटं होती, आता तीन उरली होती. गिऱ्हाइकं मात्र दोनच येऊन गेली होती.

दुपारचे सव्वातीन वाजले होते. घड्याळजींचं जेवण नुकतंच झालं होतं: पांढरा पाव, जॅम आणि वर पेलाभर फळांचा रस. उन्हाची तिरीप काचेवरून सरकत होती, तिच्यात धूळ संथ तरंगत होती. हळूहळू सगळं दुकान पाण्याखाली गेल्यासारखं झालं. टिकटिक दूरवरून येऊ लागली. एकेक ठोका बुडबुड्यासारखा वर येऊन फुटायचा.

"बघा, पुन्हा मंदावलं!" घड्याळजी भिंगाआडून पुटपुटले आणि त्यांनी गतीची कळ केसभर पुढे ढकलली.

तीननंतर घड्याळांना ग्लानी येते, असा त्यांचा ठाम समज झाला होता. महिन्याभरात नऊ घड्याळं परत आली होती, सगळी पुढे धावणारी. दहावं आलं की दुकानाला कुलूप, असं त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं.

दार किणकिणलं. पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई आत आल्या. वॉर्डात हजारो नाड्या मोजलेलं आपलं छातीवर लावायचं घड्याळ त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"रोज सहा मिनिटं पुढे! अहो, या वेगाने मी वयाच्या आधीच शंभरी गाठेन."

घड्याळजी हसले नाहीत. "हे दहावं, सिस्टर. पस्तीस वर्षांचा हात गेला माझा."

गती लावली की दिवस आणि वेळ चिठ्ठीवर लिहून ती घड्याळाला बांधायची, ही त्यांची जुनी शिस्त. सिस्टरांनी परत आलेल्या दहाही चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. तीन वीस. चार. साडेतीन.

"सकाळी लावलेलं एक तरी परत आलंय?"

घड्याळजींनी पुन्हा पुन्हा पाहिलं. एकही नव्हतं!

"म्हणजे हात सकाळी शाबूत आणि दुपारी फिरायला जातो?" सिस्टरांची नजर बशीवर गेली. "साखर कधी तपासली होती?"

"गोळी घेतो की रोज. चहा बिनसाखरेचा. खाणंही अगदी हलकं, पाव-जॅम आणि फळांचा रस."

"पाव, जॅम, रस, बिस्किटं, हे हलकं?" त्यांनी पर्समधून यंत्र काढलं, नवी सुई लावली. आकडा आला: २६८.

"घड्याळजी, मंदावली ती घड्याळं नव्हती, साखर चढून तुम्हीच मंदावत होतात!"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. मग सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "गुंडाळलेली स्प्रिंग एकदम सोडली तर?"

"भर्रकन सुटेल. म्हणून तर मध्ये अडसर असतो, एकेक दात सोडणारा."

"अख्ख्या धान्यातला, भाजीतला चोथा म्हणजे तोच अडसर. तुम्ही तो काढून जेवताय. आधी भाजी खा, मग डाळ किंवा अंडं. पाव शेवटी, थोडाच आणि कोंड्यासकटच्या पिठाचा. रसाऐवजी अख्खं फळ. गोळीचं डॉक्टर बघतील, उद्याच जा."

"आणि गिऱ्हाइकांना काय देऊ?"

"शेंगदाणे द्या. पण त्यांच्यासोबत स्वतःही मूठभर उचलायची सवय सोडा!"

घड्याळजींनी बशी उचलली, क्षणभर हातात धरली आणि आतल्या फडताळात ठेवून दिली. "चिठ्ठ्या मीच लिहिल्या, सिस्टर," ते म्हणाले, "आणि वाचल्या मात्र नाहीत."

पुढच्या दुपारी हळूहळू बदलल्या. ऊन तसंच सरकायचं, धूळ तशीच तरंगायची. पण ठोके आता पाण्याखालून नव्हे, काठावरून ऐकू येत.

मंडळी, साखर नुसत्या चहाच्या चमच्यात नसते; 'हलकं' म्हणून आपण जे निर्धास्त खातो, त्यातही असते. काय खातो, कोणत्या क्रमाने खातो आणि त्यानंतर आपलं काय होतं, याची एक चिठ्ठी प्रत्येकाने स्वतःलाही बांधावी. आणि ती वाचावी!

सहा आठवड्यांनंतर, दुपारी साडेतीन वाजता, साखर: १५२. सिस्टरांचं घड्याळ, चोवीस तासांत: तीन सेकंद मागे.