वाटीचं माप

मास्तरांनी मोबाइल टेबलावर उताणा ठेवला, गळ्यातली टेप काढली आणि पडद्यावरच्या वाटीचं तोंड मापलं. मग बायकोची खरी वाटी मापली. उभी हयात शिलाई मशीनवर गेलेली. न मापता काही करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"अगं, तुझ्या एका वाटीत यांच्या किती वाट्या बसतात बघ! काय पाखरांना जेवू घालतात की काय हे इस्पितळवाले?"

पलंगावरून बायको नुसती बघत राहिली. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचं बोलणं गेलं होतं आणि उजवा हात मांडीवर पडून असायचा. इस्पितळातून सोडताना नाकातली नळी काढली, ती अट घालूनच. पोटात जाईल ते रोज मोबाइलवर, इस्पितळाच्या ॲपमध्ये भरायचं. कमी पडलं तर नळी पुन्हा. नळीचं नाव काढलं तरी तिचे डोळे भरून यायचे. म्हणून मास्तर डोळ्यांत तेल घालून नोंदी करत.

पहिलाच प्रश्न असे, 'माहिती कोण भरत आहे?' खाली 'स्वतः' आणि 'इतर'. मास्तर 'इतर' दाबत. मग वाटीचं चित्र येई, आणि अशा किती वाट्या, ते लिहायचं असे. मास्तर हिशोब करून आकडा टाकत.

आठवड्याच्या आतच इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मुलीचा फोन आला.

"काका, काकूंनी काल दुपारी आठ वाट्या भात खाल्ला?"

"चोख आठ. टेप लावून बघितलंय."

"टेप? कशाला लावलीत?"

"पडद्याला."

पलीकडे ती खुदकन हसली आणि लगेच सावरली. "अहो काका, पडदाच लहान, म्हणून चित्र लहान दिसतं. वाटी आपली नेहमीचीच आहे ती. मग खरं किती खाल्लं त्यांनी?"

"अर्धी वाटी," मास्तर म्हणाले. "तीही मी भरवली तेव्हा."

"चूक आमची आहे. वाटीशेजारी एखादा चमचा दाखवला असता तर कुणालाही कळलं असतं. सांगते मी तसं. पण काका, नोंदी दुरुस्त केल्यात तर डॉक्टर नळीचंच म्हणतील. उद्या दुपारची नोंद बघून ठरेल. थोडं का होईना, स्वतःच्या हाताने, न ठसकता खाल्लं तर मी डॉक्टरांशी बोलेन."

मास्तरांनी फोन ठेवला. आठाचे आठ राहू दिले असते तर कोण बघायला येणार होतं? पण गिऱ्हाईकाला बरं वाटावं म्हणून कमरेचं माप खोटं लिहिलं, तरी कपडा अंगावर चढला की सगळं उघडं पडतंच. त्यांनी एकेक आकडा खोडून खरा लिहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मऊ भाताची वाटी घेऊन ते पलंगापाशी बसले. "मी घोळ घातला गं," ते म्हणाले. सगळं सांगितलं. नळीचंही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिचा डावा हात सरकला आणि चमच्यावर पडला. मास्तर मदतीला पुढे झाले, तर तिने मान हलवली. नाही!

चमचा थरथरत वर निघाला. अर्धा भात पदरावर सांडला, अर्धा तोंडात गेला. गळा वर गेला, खाली आला. ठसका नाही. मास्तर आ वासून बघत राहिले. जन्मभर समोरासमोर जेवलेली माणसं, पण घास आत कसा जातो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. केवढं नाजूक काम ते! कुठे शिवण दिसत नाही, कुठे टाका दिसत नाही, आणि तरी सगळं बिनबोभाट चाललेलं. किती गळे मापले असतील त्यांनी आजवर! आज मात्र एका गळ्याकडे बघताना त्यांचे हात आपोआप जोडले गेले. पुन्हा चमचा वर निघाला. पुन्हा.

वाटीचा तळ दिसला तेव्हा दोघंही घामाघूम झाली होती. मास्तरांनी मोबाइल उचलला, 'इतर'वर बोट न्यायला गेले, तोच तिने त्यांची बाही ओढली.

मास्तरांनी मोबाइल तिच्या पुढ्यात धरला. भात लागलेल्या बोटाने तिने 'स्वतः' दाबलं. मग वाटीचं चित्र आलं. मास्तरांचा हात सवयीने टेपकडे गेला आणि थांबला. तिने पदरावर सांडलेल्या भाताकडे बघितलं आणि अर्ध्या वाटीचा आकडा टाकला. 'नोंद पाठवायची?' पडद्याने विचारलं. तिने त्यांच्याकडे बघितलं.

"मला काय विचारतेस?" मास्तर डोळे पुसत म्हणाले. "तुझं तू बघ."