खालच्या गाठी

सुदर्शनला जुन्या खुर्च्यांचं वेड होतं, आणि वेडही असंतसं नाही. सिडकोतल्या त्याच्या घरात खुर्च्या ढीगभर, पण पाहुण्याला बसायला जागा नसायची, कारण त्या सगळ्या बघायच्या होत्या. साठ-सत्तर सालातलं सागवान, किंचित मागं झुकलेली पाठ, निमुळते होत गेलेले पाय. नक्षी नावालाही नाही, तरी नजर हलत नसे. "कुठं थांबायचं ते या सुताराला कळत होतं," असं तो म्हणे. "तुला मात्र कळत नाही," असं त्याची बायको तनुजा म्हणे.

या वेळी त्याला सहा खुर्च्यांचा अख्खा संच मिळाला होता. पैठणच्या वाटेवरच्या एका जुन्या विश्रामगृहाचं सामान भंगारात निघालं, त्यातून. बैठका वेताच्या, पण मधोमध फाटलेल्या. वेत विणणारा माणूस आता शहरात शोधून सापडत नाही. शेवटी कुणीतरी फुलंब्रीच्या कचरूबाबांचं नाव सांगितलं. पंच्याहत्तरी ओलांडलेले, जन्मांध. एके काळी कितीतरी सरकारी कचेऱ्यांतल्या बैठका त्यांनीच विणल्या होत्या.

फोनवर बाबांनी विश्रामगृहाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग "येतो," एवढंच म्हणाले.

म्हाताऱ्याचे कष्ट वाचावेत म्हणून सुदर्शननं आदल्या दिवशी ब्लेड घेतलं आणि पाच खुर्च्यांचा जुना वेत कापून काढला. सहावीपाशी ब्लेड बोथट झालं, म्हणून ती तशीच आतल्या खोलीत राहिली. कापलेला वेत सकाळी घंटागाडीत गेला. आपण काम चोख केलं, असं त्याला वाटत होतं.

कचरूबाबा मुलीच्या, रत्नमालाच्या, खांद्यावर हात ठेवून आले. चहा नको म्हणाले. सरळ फरशीवर बसले आणि पहिली खुर्ची उलटी करून चौकटीच्या खालच्या अंगानं बोटं फिरवू लागले. मग दुसरी. मग तिसरी. पाचवी झाल्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"जुना वेत कुठंय, साहेब?"

त्या आवाजानंच सुदर्शनला कळलं की आपलं काहीतरी चुकलंय. काय चुकलं ते कळायच्या आतच तो बोलून गेला, "आल्या तेव्हाच अशा होत्या."

बाबांनी चौकटीच्या एका भोकात अडकलेलं वेताचं टोक चिमटीत धरलं. "काप ताजा हाय," ते म्हणाले.

मग रत्नमालाच बोलली, खाली बघत. "आई अन् हे अप्पा दोघं मिळून विणायचे. आईलाबी दिसत नव्हतं. मधी खुर्ची, अप्पा वर, आई खाली. वरनं आलेला वेत आई धरायची, शेजारच्या भोकातनं परत वर द्यायची. ह्या खुर्च्याबी त्यांनीच विणलेल्या, खालच्या समद्या गाठी आईच्या. तिला जाऊन अकरा वर्सं झाली. घरात फोटो हाय, पण अप्पांना फोटोचा काय उपेग? तुमचा फोन आल्यापास्नं एकच चाललंय, तिच्या हातचं कायतरी सापडलं म्हून."

सुदर्शनला स्वतःची लाज वाटली. वर आणि तो खोटंही बोलला होता, तेही डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाशी. "मीच कापला, बाबा," तो म्हणाला. "तुमचा त्रास वाचावा म्हणून. सकाळी घंटागाडीत गेला. चुकलो मी." आणि एकदम त्याला सहावी आठवली. तो आत धावला आणि ती घेऊन आला.

बाबांनी खुर्ची उलटी मांडीवर घेतली. मधली वीण गेली होती, पण कडेची गाठींची रांग शाबूत होती. बोटं एका गाठीवर थांबली, मग पुढच्या, मग पुढच्या.

"दोन येढे," ते म्हणाले. "अन् शेंडा दातानं तोडलेला. दात पडतील म्हून मी लई वरडायचो." ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. पुसायची घाई त्यांनी केली नाही.

"ही तुम्ही न्या," सुदर्शन म्हणाला. संच मोडला तर मोडला.

"आमच्या एका खोलीत कुठं ठिवू? राहू द्या इथंच. मी यीन हात लावायला. फकस्त हिला ब्लेड लावू नका."

"नाही लावणार."

"मग बाकीच्यांचं काम काढू. वेत भिजवलाय का?"

सुदर्शननं नवा वेत आणून सकाळीच भिजत घातला होता. बाबा खुर्चीशी बसले. रत्नमाला खाली बसायला सरकली, तशी त्यांनी मान हलवली. "साहेब, तुमी बसा."

सुदर्शन खुर्चीखाली फरशीवर आडवा झाला. वीस वर्षं तो खुर्च्या समोरून बघत आला होता. अशी खालून एकही बघितली नव्हती. वरून वेताची पट्टी येई, ती धरून तो शेजारच्या भोकातून वर देई. तिथं बाबांची बोटं वाट बघत असत. त्याच्या बोटांना लागली की दर वेळी जराशी दचकत.

पट्टी संपली. "गाठ मारा," बाबा म्हणाले. त्यानं मारली. बाबांनी खाली हात घालून चाचपली.

"दोन येढे. सोडा अन् परत मारा."

त्यानं सोडली, दोन वेढे घेऊन पुन्हा मारली. शेंडा उरला. सुदर्शनचा हात सवयीनं ब्लेडकडं गेला आणि तिथंच थांबला. मग त्यानं मान उचलली आणि शेंडा दातानं तोडला.