पलटणीची चाल

"पोटात म्हन रे दादू, पोटातल्या पोटात. देवीला कळंल की!" काशीने पुन्हा तेच म्हटलं.

दादू गुरव अंगणात उकिडवा बसून पालखीचा पितळी कळस चिंचेने घासत होता. उद्या शिमग्याची पालखी वाडीत घरोघर फिरायची होती आणि या बाईने सकाळपासून त्याचं डोकं खाल्लं होतं.

"काशीवयनी, मोठ्यानं मागितलेला नवस मोठ्यानंच फेडायचा. पोटात म्हनायला मी काय चोर हाय?"

"आरे, पन चाकरमानी आलेत सगळे. अंगन भरून मान्सं आसतील. आनि सदू आसंल तितं."

"आसू दे की. त्याच्याच नावाचा नवस ना?"

"म्हनून तर बोलते मी!"

दादूने हात थांबवला, तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं, काहीतरी बोलावंसं वाटलं असावं, पण ते गिळून तो पुन्हा कळसाला भिडला. गुरवाच्या पोटात गावातली सगळी मागणी साठलेली असतात. पोट फुटलं तरी ती बाहेर येत नाहीत. काशी हात हलवत घरी निघाली.

काशीचा एकुलता एक मुलगा, सदू, मराठा पलटणीत शिपाई होता. गेल्या वर्षीच्या थंडीत त्याची पलटण उत्तरेला बर्फाच्या डोंगरावर गेली आणि पौषात त्याची पत्रं यायची बंद झाली. काशीने कधी बर्फ पाहिला नव्हता. रत्नागिरीला माशांच्या गाडीवर ठेवतात तेवढाच काय तो बर्फ तिला ठाऊक, आणि त्यात ठेवलेल्या मासळीची अवस्थाही ठाऊक. घरात कोणाला न सांगता ती नारळ घेऊन वाघजाईच्या देवळात गेली आणि तिने दादूला गाऱ्हाणं घालायला लावलं. माझ्या सदूला त्या पुढच्या पलटणीतून काढ, मागे कुठेतरी ठेव, भांडी घासायला ठेव, पण ठेव. तो घरी येईल त्या शिमग्याला दारात साडीचोळीने तुझी ओटी भरीन.

देवीने ऐकलं. महिना झाला नाही तोच सदूचा डावा पाय हिमाने काळा पडला आणि इस्पितळात त्याची दोन बोटं कापावी लागली. बोटं गेलेला माणूस पलटणीच्या कामाचा नाही, म्हणून त्याला पलटणीतून काढून सप्लायमध्ये पाठवलं. म्हणजे फौजेला आटा, डाळ, रॉकेल पुरवणारं खातं. आता तो डेपोत पोती मोजून घेई. जीव शाबूत, पगार तोच, पेन्शन पक्की. पण त्या पायाकडे पाहण्याची काशीला छाती होईना. आपण मागितलं आणि देवीने ते असं दिलं, हे तिच्या मनातून जाईना.

त्यात परवा ओटीवर सदू आपल्या मित्राला सांगत होता आणि ते तिने चुलीपाशी ऐकलं.

"बोटं कापली तवा येवढं नाय रे वाटलं. पन पलटन सोडताना टोपीवरचा हिरवा तुरा काढून दिला ना, तवा लहान पोरासारका रडलो. कुनाची नजर लागली कोन जाने."

काशीची भाकरी तव्यावरच करपली.

आणि सदूचा बाप? रावजी हवालदार तर त्याच पलटणीतून निवृत्त झालेला. तुऱ्याची टोपी अजून माजघरात खुंटीला, रोज झटकलेली. या पलटणीची चाल इतर फौजेपेक्षा भरभर असते, पावलं आखूड आणि झपाझप. रावजीने पलटण सोडली तरी चाल काही सोडली नव्हती. बाजाराला निघाला तरी असा निघे, की जणू पलीकडचं ठाणं संध्याकाळच्या आत घ्यायचंय. लग्न झाल्यापासून काशी त्याच्या मागे धापा टाकत चाललेली. "अवो, जरा हळू!" हे शब्द तिने इतक्या वेळा म्हटले होते, की वाडीतली मुलं तिची नक्कल करत.

सदू रजेवर आल्यापासून या माणसाने त्याला नव्या नोकरीबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं. सदू पाय धुवायला बसला, की रावजी कोयता उचलून काजूच्या बागेत चालता होई. हवालदाराला पोराची लाज वाटते, असं वाडीने परस्पर ठरवून टाकलं. सदूलाही तेच वाटत होतं. काल रात्री जेवताना त्याने आपणहून विषय काढला.

"बाबा, आमच्याकडं पन परेड आसते. चाल जरा हळू, येवढंच."

"जेव," रावजी म्हणाला आणि स्वतः मात्र अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल वाजवत पालखी दारात आली. अंगण माणसांनी भरलं. सदू पायांत मोजे घालून खांबाला टेकून उभा होता. फाल्गुनातल्या उकाड्यात मोजे! काशीने ओटी भरली आणि नारळ दादूकडे दिला. शेवटची आशा म्हणून एकदा त्याच्याकडे डोळ्यांनी विनवूनही पाहिलं. दादूने घसा खाकरला.

"थांब, दादू."

दारातून रावजी बाहेर आला. डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि हातात पाच नारळांचं तोरण. काशीने तोंडावर हात ठेवला. तिला वाटलं, यांना सगळं कळलंय.

"आधी माजं गाऱ्हानं घाल," रावजी म्हणाला.

"आधी-मागनं कशाला, हवालदार?" दादू म्हणाला. इतके दिवस पोटात ठेवलेलं ओझं उतरायची वेळ आल्यासारखा त्याचा चेहरा सुटला. "येकच तर हाय. येकदमच घालतो."

आणि दोन्ही हात जोडून त्याने आवाज लावला.

"आई वाघजाय! ह्या रावजी हवालदारानं आनि ह्या काशीनं, ह्याचं तिला ठाऊक नाय, तिचं ह्याला ठाऊक नाय, पर येकाच आठवड्यात तुज्या पायाशी येऊन येकच मागनं मागितलानी, की आमच्या लेकाला पुढच्या पलटनीतनं मागं आन. तू आनलास. आज दोगं तुजा नवस फेडतायत, तो मान्य करून घे, आनि पोराची रखवाली कर!"

"व्हय म्हाराजा!" अंगण म्हणालं. ढोलवाल्याने उगारलेली टिपरी तशीच हातात धरली.

काशी नवऱ्याकडे पाहत राहिली. आपण एवढी वर्षं या माणसाच्या पाठीकडे पाहत चाललो, पण आत काय आहे ते आज दिसलं, असं तिला झालं. रावजी मात्र तिच्याकडे पाहत नव्हता. तो पहिल्यांदाच लेकाच्या पायाकडे पाहत होता.

"मी म्हनलं हुतं, मागं आन," तो हळूच म्हणाला. "बोटं घे, आसं नव्हतं म्हनलं रे."

सदूने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आईचा जीव कानांत गोळा झाला होता. आता हा काय बोलेल? पालखीसमोर, सगळ्या वाडीसमोर बोलेल, की उद्या मुकाट्याने बॅग उचलून एस.टी. धरेल?

"दोगांनी मागितलंत व्हय?" सदू म्हणाला. "मंग बरोबर. म्हनूनच दोन गेली. येकानंच मागितलं आसतं तर येकावर भागलं आसतं."

क्षणभर कोणाला कळेना, हसावं की काय करावं. मग दादू गुरवच खो खो हसला आणि सगळं अंगण हसलं. काशी हसता हसता मोठ्याने रडायला लागली. सदूने तिथेच पायरीवर बसून मोजे काढले आणि पाय तिच्यापुढे केला. तिने त्या बोटांच्या जागेवरून पदर फिरवला, लहानपणी न्हाऊ घातल्यावर फिरवायची तसा.

ढोल पुन्हा सुरू झाला, पालखी पुढच्या घराकडे नाचत निघाली आणि वाडी तिच्या मागे निघाली. रावजीने टोपी नीट केली.

"तुमच्या सप्लायची चाल कशी म्हनतोस? दाखव."

सदू चालू लागला, सावकाश, डावा पाय जरा टाकत. रावजी त्याच्या शेजारी, पण चार पावलांत तो पुढे निघून गेला.

"बाबा, पाय आवरा."

रावजी थांबला, मागे आला. पुन्हा सुरुवात. पुन्हा पुढे. आयुष्यभराची सवय, ती काय एका दुपारी ऐकते? सदू हसून म्हणाला, "डावा... उजवा... डावा..." आणि हवालदार आपल्या शिपाई लेकाच्या हुकमावर, रंगरुटासारखा जमिनीकडे बघत, एकेक पाऊल मोजून टाकू लागला.

काशी दाराला कडी घालून नेहमीसारखी मागून पळत निघाली. पदर खोचून, तोंडात "अवो, जरा हळू" तयार ठेवून. फणसाच्या झाडापाशी पोचते तोच ते दोघे तिला अगदी हाताशी दिसले. आपल्यासाठी थांबलेत, असं तिला वाटलं.

पण कोणी थांबलं नव्हतं. चालता चालताच ती त्यांच्या बरोबरीला आली होती.